यादवी युद्धाच्या रीइनॅक्टिंगमध्ये नव्याने उतरताना: नेमकेपणा कुठून सुरू करायचा

उत्तर व्हर्जिनिया, मेरीलँड किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरापासून अमेरिकन यादवी युद्धाची, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये उत्तर आणि दक्षिणेत झालेल्या युद्धाची, एखादी रणभूमी फार लांब नसते. मॅनॅसस, अँटीटम, गेटिसबर्ग ही नावं हायवेच्या पाट्यांवरूनच पाठ होतात. भारतातून पाहुणे आले की त्यांना तिथे फिरवून आणायचं, तोफेजवळ फोटो काढायचे, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. काहींचं भागत नाही. लोकरी कोट अंगात घालून, ठासणीची बंदूक खांद्यावर घेऊन आपणही त्या रांगेत उभं राहावं असं ज्यांना वाटू लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी थोडी ओळख. रीइनॅक्टिंग म्हणजे जुन्या लढाया त्या काळच्या वेषात, त्या काळच्या हत्यारांसह पुन्हा उभ्या करण्याचा छंद. १९६१ साली मॅनॅससच्या पहिल्या लढाईच्या शताब्दीला खुद्द त्या रणभूमीवर मोठी लुटुपुटीची लढाई झाली. आज मात्र सरकारी उद्यानं आणि रणभूमी सांभाळणारी नॅशनल पार्क सर्व्हिस आपल्या जमिनीवर दोन बाजूंनी गोळीबार करणाऱ्या लढाया होऊ देत नाही. उद्यानांत छावण्या, कवायत आणि बंदुकीची प्रात्यक्षिकं दिसतात. मोठ्या ‘लढाया’ होतात त्या खाजगी किंवा संस्थांच्या जागेवर, जशी व्हर्जिनियात सीडर क्रीकला दर ऑक्टोबरात होते.

छंदातले लोक एकमेकांना तीन नावांनी ओळखतात. ज्याच्या अंगावर पॉलिएस्टरची पँट आणि मनगटावर घड्याळ दिसतं तो ‘फार्ब’. मोठा तंबू, खाट, कंदील, कुटुंब असा संसार घेऊन येणारे ‘मेनस्ट्रीम’. पाठीवर मावेल तेवढंच घेऊन चालत येणारे आणि जमिनीवर झोपणारे ‘कॅम्पेनर’. नवख्याने सुरुवातीपासून कॅम्पेनरच्या वाटेने जावं असं माझं ठाम मत आहे. ती वाट कठीण वाटते, पण सामान कमी लागतं, म्हणून पैसेही कमी जातात आणि चुका करायला जागा कमी उरते.

पहिली पायरी: माणूस, जागा, महिना

नवखा माणूस ‘यादवी युद्धातला सैनिक’ व्हायला निघतो आणि तिथेच सगळं ढिलं पडतं. असा सर्वसाधारण सैनिक कधी नव्हताच. अमुक रेजिमेंटमधला, अमुक गावाहून आलेला, अमुक महिन्यात अमुक ठिकाणी उभा असलेला माणूस होता. तो ठरवला की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

उदाहरण घेऊ. चौदावी कनेटिकट रेजिमेंट ऑगस्ट १८६२ मध्ये उभी राहिली आणि १७ सप्टेंबरला अँटीटमच्या लढाईत ढकलली गेली. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. ही पोरं तेव्हा अगदी कोरी होती. कपड्यांचा रंग उतरलेला नव्हता आणि कवायत जेमतेम झालेली होती. फ्रेडरिक्सबर्ग आणि चान्सलर्सव्हिलच्या लढाया पाहून तीच रेजिमेंट जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गला पोचली तेव्हा वेगळीच दिसत होती. अनावश्यक सामान केव्हाच वाटेत टाकलेलं, चालणं सरावलेलं, आणि टोपीवर निळ्या कापडाचं तीन पाकळ्यांचं पान. सैनिक सैन्याच्या कुठल्या विभागातला ते ओळखायचे हे बिल्ले १८६३ च्या वसंतात उत्तरेच्या जनरल हुकरने सुरू केले. म्हणजे गेटिसबर्गला ते पान हवंच, अँटीटमला लावलंत तर चूक. शिवाय गेटिसबर्गला या रेजिमेंटच्या ए आणि बी या कंपन्यांकडे, म्हणजे तुकड्यांकडे, मागून भरायच्या शार्प्स रायफली होत्या, इतरांकडे ठासणीच्या. कंपनी बदलली तर बंदूक बदलते, इतक्या बारकाव्यापर्यंत जायचं असतं.

युद्धाच्या सुरुवातीचा काळ निवडणार असाल तर आणखी सावध राहा. ‘उत्तरेचे निळे, दक्षिणेचे करडे’ हे जुलै १८६१ च्या मॅनॅससला लागूच पडत नाही. उत्तरेची दुसरी विस्कॉन्सिन करड्या कपड्यांत होती आणि तिने आपल्याच माणसांच्या गोळ्या खाल्ल्या. दक्षिणेची तेहतिसावी व्हर्जिनिया निळ्या कपड्यांत आली, म्हणून उत्तरेच्या तोफखान्याने तिला आपलं समजून जवळ येऊ दिलं आणि तोफा गमावल्या.

दुसरी पायरी: पुरावा वाचायला शिका

ही पायरी घरबसल्या आणि फुकट होते, तरी सगळ्यात जास्त लोक हीच वगळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या काळचे हजारो फोटो इंटरनेटवर मोठ्या आकारात ठेवले आहेत. त्यातला लिल्येनक्विस्ट संग्रह साध्या शिपायांच्या चेहऱ्यांचा आहे आणि आपल्याला तोच हवा. रोज एक फोटो उघडा आणि फक्त एक गोष्ट पाहा. आज टोपी डोक्यावर कशी बसली आहे ते, उद्या विजारीची लांबी बुटावर कुठे येते ते. विजारी आजच्यापेक्षा किती वर, जवळपास बेंबीपर्यंत घालत, हे असं पाहूनच डोक्यात बसतं.

फोटो पाहताना दोन सापळे टाळा. काचेवरचे आणि पत्र्यावरचे फोटो आरशासारखे उलटे असतात. पट्ट्याच्या बकलावरची अक्षरं उलटी दिसली की समजायचं, बंदूक डाव्या हातात दिसत असली तरी माणूस डावखुरा नाही आणि काडतुसाची पेटी प्रत्यक्षात उजव्याच कमरेला आहे. दुसरा सापळा मांडणीचा. स्टुडिओत फोटो काढायला गेलेला शिपाई कधी तिथलं पिस्तूल, तिथला मोठा सुरा हातात घेऊन ऐटीत बसतो. मैदानातले फोटोही निखळ नसतात. गेटिसबर्गच्या डेव्हिल्स डेनमध्ये दगडांच्या आडोशाला पडलेल्या दक्षिणी सैनिकाचा अलेक्झांडर गार्डनरने काढलेला प्रसिद्ध फोटो प्रेत दुसरीकडून उचलून आणून रचलेला होता, हे आता सिद्ध झालं आहे.

फोटोला सैनिकांची पत्रं, रोजनिशा, सरकारी खरेदीच्या नोंदी आणि संग्रहालयांतले मूळ कपडे यांची जोड द्या. तुमच्या रेजिमेंटमधल्या माणसांची नावं नॅशनल पार्क सर्व्हिसच्या डेटाबेसमध्ये मिळतात, त्यांचे सेवेचे कागद नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, आणि उत्तरेच्या सैनिकांचे पेन्शनचे कागदही तिथेच.

‘अशी वस्तू तेव्हा होती’ एवढा पुरावा मात्र पुरेसा धरू नका. छंदातले जाणते लोक विचारतात, ती साधी, रोजची, सगळ्यांकडे असलेली वस्तू होती का? एखाद्याकडे चांदीची शिटी असेल. पण कंपनीतल्या प्रत्येकाने आपली एकेक दुर्मीळ वस्तू मिरवायला घेतली की जमलेली रांग इतिहासातल्या कुठल्याच रांगेसारखी दिसत नाही. पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यांसारखं दिसणं हेच ध्येय ठेवा.

तिसरी पायरी: युनिट शोधा, तोवर खिशात हात घालू नका

प्रत्येक कार्यक्रमात सटलरांची, म्हणजे सामान विकणाऱ्यांची, तंबूंची ओळ असते. तिथे फिरताना हात शिवशिवतात. घेऊ नका. त्यातलं बरंच सामान दुरून ठीक आणि जवळून चुकीचं असतं, आणि पहिल्या उत्साहात घेतलेलं निम्मं पुढे बदलावं लागतं. आधी युनिट, म्हणजे एखाद्या रेजिमेंटची भूमिका करणाऱ्यांचा गट, निवडा. बहुतेक युनिटांकडे नवख्यांसाठी उसनं सामान असतं. त्यावर पहिले एक-दोन कार्यक्रम करा. युनिटला त्यांचे नियम लेखी मागा. कुठले कोट चालतात, कुठल्या कारागिराचे बूट चालतात हे ज्यांनी लिहून ठेवलंय, ते युनिट सहसा चांगलं असतं.

मग खरेदीचा क्रम असा ठेवा: बूट, विजार, कोट, टोपी, चामड्याचं सामान, आणि सगळ्यात शेवटी बंदूक. पूर्ण साज साधारण दीड ते अडीच हजार डॉलरच्या घरात जातो. दोन वर्षांत पसरून घेतला तर झेपतो.

चौथी पायरी: कपडे

इथे थोडं रेंगाळतो, कारण नेमकेपणाची खरी परीक्षा कापडावर होते.

उत्तरेच्या पायदळातल्या शिपायाचा नेहमीचा वेष म्हणजे गडद निळ्या लोकरी फ्लॅनेलचा चार बटणांचा सॅक कोट, आकाशी रंगाच्या केर्सी कापडाची विजार, फोरेज कॅप नावाची टोपी, आत जाड सुती किंवा फ्लॅनेलचा शर्ट आणि लांब चड्डी, लोकरी मोजे आणि ब्रोगन नावाचे घोट्यापर्यंतचे बूट. केर्सी हे तिरक्या विणीचं, दाट लोकरी कापड. स्वस्त नकलांमध्ये त्याऐवजी पातळ, नायलॉन मिसळलेलं कापड असतं. शिवणीच्या आतून एक धागा ओढून जाळून पाहा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख चुरगळते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसेल. ही फक्त शोभेची बाब नाही. आगीजवळ आणि दारूच्या ठिणग्यांत लोकर सहज पेट घेत नाही, पॉलिएस्टर मात्र वितळून कातडीला चिकटतं.

दुसरी खूण काजांची. मूळ कोटांची काजं हाताने केलेली असतात. मशीनचं आजचं नागमोडी काज लगेच ओळखू येतं आणि दहा पावलांवरूनही खटकतं. फिलाडेल्फियाच्या स्कूलकिल आर्सेनल या सरकारी कोठारातून येणारे कपडे तर घरोघरी बायकांनी हाताने शिवलेले असत. खाजगी ठेकेदारांचे कपडे मशीनवर शिवलेलेही असत, म्हणजे मशीनची शिलाई प्रत्येक वेळी चूक नसते. घेतलेल्या कोटाची काजं उसवून पुन्हा हाताने करता येतात. मेण लावलेला दोरा, छोटी सुई आणि दोन संध्याकाळी एवढं पुरतं. आपल्याकडे ज्यांनी आजीकडून काजं करायला शिकून घेतलीत, त्यांनी हे काम जरूर अंगावर घ्यावं. युनिटमध्ये अशा माणसाला मोठा मान मिळतो.

दक्षिणेचा वेष जास्त अभ्यास मागतो. तिथे आखूड जाकीट असे, आणि ते कपडे पुरवणाऱ्या कुठल्या डेपोचं त्यावर त्याचा आकार, कॉलर, बटणं ठरत. रिचमंड डेपोचं जाकीट व्हर्जिनियात लढणाऱ्या जनरल ली यांच्या सैन्यात योग्य, टेनेसीच्या सैन्याला वेगळं लागतं. कापड बरेचदा जीन असे, म्हणजे ताणा सुती आणि बाणा लोकरीचा. काही रंग उन्हाने करड्याचे तपकिरी होत, त्यामुळे जुन्या जाकिटाचा रंग हा निवडीपेक्षा ऊन-पावसाचा परिणाम असतो. युद्धाच्या अखेरीस आयर्लंडमधल्या लिमरिकच्या पीटर टेटच्या कारखान्यातली तयार जाकिटंही आली. ती १८६२ च्या लढाईत घालू नका.

आणि फाटके-तुटके कपडे मुद्दाम करू नका. नवा कोट कात्रीने फाडून, चहात बुडवून ‘जुना’ केला की ते नाटकातलं सोंग वाटतं. घालून, भिजून, त्यात झोपून तो आपोआप जुना होतो.

अंगावरचं आजचं सगळं उतरवायचं: घड्याळ, फिटनेस बँड, गॉगल, नेलपॉलिश. चष्मा लागत असेल तर त्या काळची लहान लंबगोल फ्रेम घेऊन त्यात नंबर बसवून घ्या, किंवा लेन्स वापरा. मनगटावरचा गंडा-दोरा श्रद्धेचा असेल तर काढू नका, बाहीत लोटा.

पाचवी पायरी: बंदूक

दोन बंदुका सर्वांत जास्त दिसतात. एक अमेरिकन स्प्रिंगफिल्ड, मॉडेल १८६१, दुसरी ब्रिटिश एनफिल्ड, पॅटर्न १८५३. ही एनफिल्ड दोन्ही बाजूंनी मोठ्या प्रमाणात मागवली. आपल्या वाचकाला ती दुसरीकडून माहीत आहे. १८५७ मध्ये ज्या चरबीच्या काडतुसांवरून बंगालच्या पलटणींत भडका उडाला, ती याच बंदुकीची. मराठी माणसाच्या हातात ती येते तेव्हा प्रेक्षकांना सांगायला एक खरी गोष्ट आपोआप मिळते.

आजच्या प्रतिकृती बहुतेक इटलीत बनतात. त्यांच्या नळीवर आजच्या कंपनीचे शिक्के असतात आणि दस्त्याला चकचकीत व्हार्निश असतं. शिक्के घासून काढणं, लाकडाला जवसाचं तेल देणं, आकार मूळच्या जवळ आणणं याला या छंदात ‘डीफार्बिंग’ म्हणतात. नळीला हात लावायचं काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. भारतात बनलेल्या स्वस्त प्रतिकृतीही मिळतात, पण त्यांना परवानगी देणं न देणं युनिटांवर असतं. आधी विचारा.

कायद्याकडे नीट लक्ष द्या. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती सहसा ‘अँटीक’ गटात मोडते, पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांचे नियम बरेच कडक आहेत. ग्रीन कार्ड नसेल, एच-१बी किंवा दुसऱ्या व्हिसावर असाल, तर विकत घेण्याआधीच काय, उसनी हातात घेण्याआधीही आपल्या राज्यातल्या वकिलाचा सल्ला घ्या. तोवर ढोलवादक, झेंड्याच्या पथकातला, रुग्णशिबिरातला मदतनीस अशा बिनहत्यारी भूमिका आहेत, आणि त्या चांगल्या केल्या तर कमी मोलाच्या नाहीत.

मैदानात गोळी कधीच भरत नाहीत. कागदी पुडीतली काळी दारू दाताने फाडून नळीत ओततात, ठिणगी पाडणारी छोटी कॅप बसवतात आणि उडवतात. दारू ठासायचा गज नळीत घालायचा नाही, कारण घाईत तो आत राहिला तर भाल्यासारखा सुटतो. समोरचा जवळ असेल तर नेम आकाशाकडे. या दोन नियमांपुढे नेमकेपणाचा कुठलाही युक्तिवाद चालत नाही. मूळ कवायतीत गज घालणं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तो घालायचा नाही.

सहावी पायरी: कवायत

कपडे परफेक्ट आणि चाल ढिली, असा माणूस शंभर यार्डांवरून ओळखू येतो. उलट साध्या कपड्यांतली नीट चालणारी रांग बघणाऱ्याला खरी वाटते. म्हणून शिकण्यातला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हार्डीचं १८५५ चं आणि केसीचं १८६२ चं पायदळाचं पुस्तक इंटरनेटवर मिळतं. हार्डीच्या हिशोबात साधं पाऊल २८ इंचांचं, मिनिटाला ९०. ‘डबल क्विक’चं पाऊल ३३ इंचांचं, मिनिटाला १६५. दोन रांगांमधलं अंतर १३ इंच, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागलेलं. आजच्या माणसाला एवढं जवळ उभं राहायला संकोच वाटतो आणि रांग पसरते. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर २८ इंचांच्या खडूच्या रेघा आखून चालून बघा, पाऊल आठवड्याभरात बसतं. बंदूक नऊ हुकुमांत भरायची क्रिया काठी घेऊनही पाठ करता येते.

सातवी पायरी: पिशवीत काय

हार्डटॅक, म्हणजे सैनिकांचं कडक बिस्किट, घरी करा, सोपं आहे. दोन वाट्या मैदा, अर्धा चमचा मीठ, लागेल तेवढंच पाणी. शंकरपाळ्यांच्या पिठाहूनही घट्ट मळा, मोहन अजिबात नाही. अर्धा इंच जाड लाटून तीन इंचांचे चौकोन कापा, खिळ्याने आरपार भोकं पाडा आणि ३७५ डिग्री फॅरनहाइटला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास भाजा. दोन दिवस उघड्यावर वाळवा. दाताने सरळ चावू नका, सैनिकही दस्त्याने फोडून कॉफीत भिजवत. कॉफीचे दाणे तव्यावर भाजून, कापडात ठेचून, टिनच्या डब्यात उकळा.

मीठ लावलेलं डुकराचं मांस हा त्यांच्या शिध्याचा मोठा भाग होता. शाकाहारी माणसाने त्यासाठी मन मारायचं कारण नाही. सुकवलेली सफरचंदं, बीन्स, तांदूळ, बटाटे, कांदा आणि दक्षिणेकडच्या भूमिकेत मक्याचं पीठ, भुईमुगाच्या शेंगा हे सगळं त्या काळाला धरून आहे. फक्त प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, छोट्या सुती पिशव्या शिवून घ्या.

औषधं, इन्हेलर, कानातले बोळे आणि गोचिडांवरचा फवारा बरोबर असायलाच हवा. औषधं साध्या कापडात गुंडाळा आणि कुठे आहेत ते शेजारच्याला सांगून ठेवा. जुलैच्या उन्हात लोकर घालून उभं राहताना तहान लागायच्या आधी पाणी प्या.

आठवी पायरी: बोलणं, आणि ते युद्ध कशासाठी झालं हे सांगणं

सावळ्या चेहऱ्याच्या माणसाला प्रेक्षक विचारतातच: ‘तुम्ही इथे कसे?’ खरं उत्तर तयार ठेवा. चौदाव्या कनेटिकटच्या एफ कंपनीत जोसेफ पिअर्स नावाचा चीनमध्ये जन्मलेला शिपाई होता. तो गेटिसबर्गला लढला, पुढे कॉर्पोरल झाला, त्याचा गणवेशातला फोटो आहे. तेविसाव्या मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड डे कोहोटा होता, तोही चिनी. आशियाई सैनिकांच्या अशा नोंदींवर नॅशनल पार्क सर्व्हिसने पुस्तकच काढलं आहे. कागदावर नसलेला मराठी शिपाई मात्र कल्पनेने उभा करू नका, कितीही मोह झाला तरी.

आपल्या मुलखाचा संबंध हवा असेल तर तो कापसात आहे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि मुंबईहून जाणाऱ्या कापसाचे भाव कडाडले. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्यापासून प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालापर्यंत सगळे त्या लाटेवर चढले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा शेअरबाजार कोसळला.

दक्षिणेची भूमिका करायची की नाही हा प्रत्येकाचा निर्णय. अनेक युनिटांना संख्या जुळवायला दोन्ही बाजूंचे कपडे ठेवावे लागतात, त्याला ‘गॅल्व्हनाइझ’ होणं म्हणतात. पण कोट कुठलाही असो, प्रेक्षकाने कारण विचारलं तर गुलामगिरी हा शब्द उच्चारायला अडखळू नका. १८६० मध्ये सुमारे ४० लाख माणसं गुलामगिरीत होती आणि मिसिसिपी राज्याने अमेरिकेतून फुटून निघताना आपल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचंच कारण उघड लिहिलं. काजं हाताची आहेत की मशीनची यावर तासभर वाद घालणाऱ्याने हे टाळलं, तर त्याचा सगळा नेमकेपणा मला पोकळ वाटतो. उत्तरेच्या बाजूनेही पूर्ण सांगा. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, त्यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांसाठी कापून. कृष्णवर्णीयांच्या चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटने तो अपुरा पगार घ्यायलाच नकार दिला, आणि १८६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसला तो बरोबरीचा करावा लागला. त्या रेजिमेंटची भूमिका करणारं युनिट कार्यक्रमात असेल, तर त्यांच्या छावणीत जाऊन बसा आणि ऐका.

कार्यक्रमाहून परतल्यावर

काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि एका रात्रीत नळीला गंज चढवते. म्हणून कितीही थकला असाल तरी बंदूक त्याच संध्याकाळी धुवा. नळीत गरम पाणी ओता, कापडाची चिंधी गजाला लावून पाणी स्वच्छ निघेपर्यंत फिरवा, कोरडी करा, तेलाचा हात द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवून पाहा, तांबूस निघाली तर परत तेल. ब्रोगन ओले असतील तर हीटरजवळ ठेवू नका, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा आणि मग चामड्याला तेल द्या. कोट वॉशिंग मशीनमध्ये कधीच टाकायचा नाही. उन्हात टांगून ब्रशने झटकला की पुढच्या वेळेला तयार असतो.